फक्कीचं घर

देशात घरांचा तुटवडा आहे असं पेपरात वाचलं की मला हसू येतं, कारण हा प्रश्न स्वतःपुरता निकालात काढलेला अख्ख्या हिंदुस्थानातला एकमेव माणूस आमच्याच नात्यात आहे. तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा, माझे दाजी. मंत्र्यांना, बिल्डरांना, बँकांना जे जमलं नाही ते या गृहस्थानं एका गोणीभर फक्कीत करून दाखवलं. फक्की म्हणजे तीच, शाळेच्या मैदानावर खो-खोच्या रेघा मारतात ती पांढरी पूड. नागापूर एमआयडीसीच्या पलीकडे माळावर दाजींनी इवलासा प्लॉट घेतला, त्यावर फक्कीनं घर आखलं आणि बांधकामाची वाट न बघता त्यात राहायला सुरुवात केली. झोपायला नाही हं, तेवढे काही ते वेडे नाहीत. पण रविवार उजाडला की स्टोव्ह, चहाचं पातेलं आणि एक सतरंजी घेऊन ते आपल्या घरी जायचे, आणि दिवस मावळला की भाड्याच्या खोलीवर परत यायचे.

मी श्रीरामपूरला नर्स. सुट्टी असली की सकाळची एसटी धरायची आणि नगरच्या अलीकडे नागापूरला उतरायचं, हा माझा शिरस्ता. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टर अजून नगरचंच तिकीट फाडतो आणि आम्हीही नगरच म्हणतो.) ते घर पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मला काय ठाऊक! दाजी समोर सतरंजीवर बसलेले दिसले म्हणून सरळ त्यांच्याकडे चालत गेले, तर हे ताडकन उठले आणि दोन्ही हात आडवे करून म्हणाले, “आवो मेहुणीबाई, भिताडातून काय येताय? दार तिकडं हाय.” मी खाली पाहिलं. माझा एक पाय अंगणात आणि एक त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत होता. मेहुणीनं दाजींची मस्करी करायची हा आमच्याकडचा हक्कच आहे, त्यामुळे मी म्हटलं, दाजी, तुमच्या भिंतीला वाळवी लागलीय, पाय सहज आत जातो. पण ते हसले नाहीत. मी वळसा घालून रेघेत जिथे फट सोडली होती तिथून आत गेले, तेव्हा कुठे मला चहा मिळाला. वर, चपला बाहेर काढायला लावल्या ते वेगळंच.

हा माणूस असा का झाला, हे समजायला त्यांची आई ठाऊक पाहिजे. मी तिला म्हातारपणी पाहिलं, पण तिच्या गोष्टी दाजींकडून इतक्या ऐकल्यात की तरुणपणीचीही ओळखीची वाटते. पाथर्डीकडची कोरडी जमीन, त्यामुळे दिवाळी झाली की बैलगाडीत बिऱ्हाड टाकून सगळं कुटुंब ऊसतोडीला. साखर कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, एकीला चिकटून दुसरी, आणि मधून माणसं, कुत्री, बैल सगळे ये-जा करणारे. ही माऊली रोज सकाळी चुलीतली राख घेऊन कोपीभोवती रेघ मारायची. रेघेच्या आत आपलं घर, बाहेर कारखान्याचं. पुढच्या बाजूला दोन हात जागा सोडायची, ते दार. पोरांनी दारातूनच आत यायचं. कुणी रेघेवरून उडी मारली तर पाठीत उलथनं. मुकादमसुद्धा म्हणे तिच्या रेघेबाहेर उभा राहून हाक मारायचा. हंगाम संपला की कोपी मोडायची, रेघ वाऱ्यावर जायची, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या तळावर पुन्हा नवी. दाजींच्या डोक्यात घर म्हणजे आधी रेघ, छप्पर नंतर, हे तिथून बसलं.

पुढे ते नागापूरला एका वर्कशॉपात टर्नर म्हणून चिकटले आणि लेथवरच म्हातारे झाले. अक्काशी लग्न झालं आणि भाड्याच्या खोल्यांचा फेरा सुरू झाला. त्यात दाजींचं आडनाव. खोली बघायला गेलं की घरमालक आधी गाव विचारायचा, मग हळूच आडनाव, आणि आडनाव ऐकलं की ती खोली नेमकी त्याच सकाळी कुणाला तरी दिलेली असायची. अक्का घरी येऊन रडायची. दाजी म्हणायचे, नगरमधे सकाळी सकाळी लईच खोल्या जात्यात. जी मिळायची तिथेही त्यांनी जन्मात खिळा ठोकला नाही. भिंत दुसऱ्याची, तिला भोक पाडायचं नाही. कॅलेंडर भिंतीला टेकवून जमिनीवर, आरसा पिंपावर, बुद्धमूर्ती पत्र्याच्या पेटीवर. तारीख बघायला मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं खाली वाकले आहे. अक्का म्हणायची, माझं निम्मं आयुष्य खुंटी शोधण्यात गेलं. सामानात भारी एकच वस्तू, लोखंडी डबल खाट. दाजींच्या फॅब्रिकेशनवाल्या दोस्तांनी लग्नात वेल्डिंग करून दिलेली, नटबोल्ट एक नाही, सगळी अखंड. दर बिऱ्हाडाला ती टेम्पोतून उभी जायची आणि दर नव्या मालकाला वाटायचं की या लोकांनी फाटक विकत आणलंय.

स्वतःचं घर घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. उलट नगरमधल्या प्रत्येक नव्या स्कीमचा सॅम्पल फ्लॅट त्यांनी पाहिला आहे. इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. बाकीचे लोक टाइल्स बघायचे, हे खिशातून सुतळी काढायचे. ती सुतळी खाटेच्या मापाची होती, लांबीला एक गाठ, रुंदीला एक गाठ. बेडरूममध्ये सुतळी अंथरायची, दार उघडून-मिटून बघायचं, मान हलवायची, की पुढचा फ्लॅट. एकदा रस्त्यावर मोठ्ठा बोर्ड लागला, ‘परवडणारी घरे’. दाजी आत गेले आणि तिथल्या पोरीला अगदी सरळ मनानं विचारलं, “कुनाला परवडनारी?” ती बिचारी गोंधळली, साहेबांना विचारून येते म्हणाली, आणि येताना पाण्याचा ग्लास घेऊन आली. पैशाचं पुराण मी सांगत बसत नाही. पगार एका वाटेनं चढत गेला, घरं दुसऱ्या वाटेनं, आणि त्या दोन वाटा कुठे भेटल्या नाहीत, एवढंच.

मग पोरगा चाकणला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. सूनबाईही कंपनीत जाते, शिफ्टची ड्यूटी. पोरीला सांभाळायला कोण? अक्का गेली. महिनाभर म्हणून गेली ती तिकडचीच झाली. खोली-स्वयंपाकघर एवढंच त्यांचं घर. खोलीत ते तिघं, अक्का ओट्याखाली अंथरूण टाकते. दाजीही एकदा बिऱ्हाड हलवावं म्हणून राहायला गेले होते. रात्री त्यांना दारासमोरच्या पट्टीत झोपावं लागे आणि पहाटे शिफ्टला निघणाऱ्या सुनेला सासऱ्याला ओलांडता येईना. ती दारात चपला हातात घेऊन उभी राहायची, हे जागेच असायचे, आणि दोघंही ओशाळायची. चार दिवसांत परत आले. मी विचारलं तर म्हणाले, पोरगं चांगलंय, सून लई चांगलीय, जागा न्हाई. बस्स, एवढंच. उतारवयात नवरा-बायकोची ताटातूट भांडणानं झालेली मी दवाखान्यात खूप बघितली. एका अंथरुणाच्या जागेवरून झालेली ही पहिलीच, आणि ती माझ्याच अक्काची.

अक्का चाकणला गेली आणि दाजींनी प्लॉट घेतला. का घेतला ते ते कुणाला सांगत नसत, पण आखलेलं घर बघितलं की कळायचं. पुढची खोली, स्वयंपाकघर, आत एक अक्काची आणि त्यांची खोली, आणि पलीकडे पोराची, सुट्टीत येतील तेव्हा. अक्काच्या खोलीत सुतळी अंथरून खाटेची जागा आखलेली, आणि दार उघडायला हवी तेवढी जागा बरोब्बर सोडलेली. टर्नरचा हात तो, केसाइतका फरक नाही. त्यांचं म्हणणं, लोक आधी बांधतात आणि मग राहतात, म्हणून घरं चुकतात. आधी राहावं, चुका कळू द्याव्यात, मग बांधावं. त्याप्रमाणे राहून राहून त्यांनी स्वयंपाकघर पश्चिमेकडून हलवलं, कारण वाऱ्यानं स्टोव्ह विझायचा. मोरीचं तोंड फिरवलं. पोराच्या खोलीला खिडकी दिली, मग डोंगराकडे दुसरी दिली. फुकटात इतकी दुरुस्ती कुठल्या बिल्डरनं केली असती! चहाच्या टपरीवर तर ते देशाची योजनाच मांडायचे. ज्याला घर न्हाई त्याला सरकारनं पैला हप्ता म्हणून फक्कीची गोणी द्यावी, दुसरा हप्ता जमंल तवा. लोक हसायचे. पेपरात घरं कमी पडल्याची बातमी आली की ती उघडून मलाच विचारायचे, यात आपलं एक धरलंय का सोडलंय हो?

त्या माळावरून एक मेंढपाळ कळप घेऊन जायचा. पहिल्या दिवशी मेंढरं सगळी अक्काच्या खोलीतून गेली आणि दाजींनी जो आरडाओरडा केला तो म्हणे फॅक्टरीच्या गेटपर्यंत ऐकू आला. मेंढपाळाला आधी कळेचना. कळल्यावर तो हसला नाही, पटका सावरत एवढंच म्हणाला की सांगायचं ना पाहुणं, घर हाय म्हणून. तेव्हापासून तो मेंढरं वळसा घालून न्यायचा आणि कधी चहाला थांबला तर काठी बाहेर ठेवून दारातून यायचा. ज्याचं स्वतःचं घर खांद्यावर आणि घोड्याच्या पाठीवर, त्याला हे एका वाक्यात समजलं. आमच्या नात्यातल्या लोकांना समजायला फार वेळ लागला आणि काहींना अजून समजलेलं नाही.

संध्याकाळी तिथूनच ते अक्काला फोन लावायचे. मी ऐकलेला आहे. आत्ता पुढच्या खोलीत बसलोय, म्हणायचे. तिकडून अक्का विचारायची, पोरीला एका हातानं थोपटत असणार, की स्वयंपाकघर झाडलं का. हे म्हणायचे, झाडलं. मग ती विचारायची, ऊन येतं का माझ्या खोलीत? हे सूर्याकडे बघून खरं काय ते सांगायचे. अक्कानं ते घर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. छप्पर पडल्यावरच पाय ठेवीन, असं तिनं सांगितलं होतं. पण त्या घरातलं कुठे काय आहे हे तिला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर दाजी तिथेच बसून राहायचे. एवढ्या मोठ्या माळावर एकटा माणूस रेघांच्या मधोमध बसलेला बघवत नाही हो. मी निघते म्हटलं की तेही स्टोव्ह गुंडाळायला घ्यायचे.

ते रिटायर झाले, कंपनीचे पैसे आले, घरकुलाची थोडी मदत मिळाली, आणि एवढ्या पैशांत पुढची खोली, स्वयंपाकघर आणि अक्काची खोली होईल असं ठरलं. पोराची खोली तूर्त रेघेतच राहील. अक्काला फोन केला तेव्हा ती म्हणाली, पोरगी यंदा शाळेत जायला लागली की मी येते. येते म्हणजे राहायला येते. दाजींनी हे मला लागोपाठ दोनदा सांगितलं.

गवंडी आला. त्यानं आखणी बघितली, वाखाणली, आणि दोरी ताणता ताणता सहज विचारलं, “भित रेगंच्या आत घिऊ का भायेर?”

मी तिथेच होते, त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जन्मभर या माणसानं पाइपाचं आतलं माप वेगळं आणि बाहेरचं माप वेगळं मोजलं, दोन्हींत जाडी किती ती धरली, त्यावर पोट भरलं. आणि घर आखताना भिंतीला जाडी असते हेच तो विसरला होता. राख असो नाहीतर फक्की, त्यांच्या आयुष्यात आपली म्हणावी अशी भिंत होती ती रेघेचीच. बाहेर सरकायला जागा नव्हती, एका बाजूला शेजाऱ्याची हद्द आणि दुसऱ्या बाजूला रस्ता, आणि पोराच्या खोलीतली बोटभरही जागा दाजी घेऊ देईनात. भिंती आत आल्या. सगळ्या खोल्या चारी बाजूंनी आकसल्या. पुढच्या खोलीचं, स्वयंपाकघराचं निभावलं. पण अक्काच्या खोलीत खाट ठेवली तर दार लागेना, आणि दार लावायचं तर खाट बाहेर. खाट अखंड, सुटी होणारी नाही. दाजी दिवसभर ती आडवी, उभी, तिरकी लावून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, तिला दार पायजे. सगळा जलम बिनदाराच्या खोलीत गेला तिचा. मग दोघाजणांनी उचलून खाट पोराच्या खोलीत, म्हणजे उघड्यावर, फक्कीच्या चौकटीत नेऊन ठेवली. अक्का आल्यावर विचारून गॅस-कटरनं कापायची, असं ठरलं.

अक्का आली. मुलगा, सून, नात, सगळे आले. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्यांना खीर वाढली. दाजींनी आयुष्यातला पहिला खिळा ठोकला आणि कॅलेंडर टांगलं, आणि आम्ही सगळ्यांनी, खरं सांगते, टाळ्या वाजवल्या. अक्कानं खोलीचं दार लावून बघितलं, आतून कडी घातली, आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. दाजी दाराबाहेर उभे. आतल्या कपाटाचा वरचा खण त्यांनी तिच्या साड्यांसाठी रिकामा करून पेपर अंथरून ठेवला होता. पण अक्का आली तेव्हाच मी तिच्या हाताकडे बघितलं होतं. तिनं एकच पिशवी आणली होती. दाजींनीही बघितली असणार. नातीला शाळेत तर घातलं होतं, पण शाळा दुपारीच सुटते आणि तेव्हा आई-बाप दोघंही कामावर असतात. शाळेनं प्रश्न सुटेल असं आम्हांला वाटलं होतं. तो नुसता दुपारवर आला होता.

उन्हं कलल्यावर सगळे मोकळ्या हवेला बाहेर आले. नात रेघांवरून नाचत होती, मुलगा फोनवर बोलत भिंतीतून आरपार फिरत होता, आणि दाजी त्या दिवशी कुणालाच काही म्हणत नव्हते. अक्का बाहेर आली. पोराच्या खोलीच्या रेघेपाशी थांबली. इकडे तिकडे बघत रेघेच्या कडेकडेनं चालत गेली, फट सापडली तिथे चपला काढल्या, आणि आत जाऊन खाटेवर बसली. दाजी तिच्या शेजारी जाऊन बसले. मी खिरीचं पातेलं विसळत जवळच होते.

“कापू नका खाट,” अक्का म्हणाली. “हितंच ऱ्हाऊ द्या. लई हवा हाय तुमच्या घरात.”

“आपल्या,” दाजी म्हणाले.

“आपल्या,” अक्का म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. पहाटेची एसटी होती, सुनेला दुपारची शिफ्ट गाठायची होती.

त्याला आता बरेच दिवस झाले. दाजींचं घर पक्कं आहे, वर छत आहे, दाराला कडी आहे, आणि आत राहणारा माणूस एकच आहे. अक्का फोनवर अजून विचारते, ऊन येतं का माझ्या खोलीत? ते अजून बघून सांगतात. साड्यांचा खण तसाच आहे, फक्त पेपर बदलतात. मला राग येतो. कुणावर येतो ते मात्र सांगता येत नाही. पोरगा चांगला आहे, सून चांगली आहे, अक्का तर अक्काच आहे. घर व्हायला उशीर झाला आणि झालं ते एक खोली कमी झालं, आता रागवायचं कुणावर?

परवा सुट्टी होती म्हणून गेले. वारा सुटला होता, माळावर नुसता फुफाटा. पोराच्या खोलीची फक्की बरीच उडालेली, कुठे कुठे पुसट पांढरं उरलेलं. एरवी दर रविवारी ते नवी मारतात. दाजी खाटेवर पाठमोरे बसले होते, हातात फोन, फोन बंद. मी घाईत होते, पिशवीत त्यांच्यासाठी मेथीची भाजी होती, सरळ चालत गेले आणि खाटेपाशी पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी भिंतीतून आत आले होते. मी थांबले, आता ओरडतील म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. थोडं सरकून मला बसायला जागा करून दिली फक्त. इतक्या वर्षांत या माणसानं मला, मेंढरांना, कुणालाच असं येऊ दिलं नव्हतं.

मी बसले नाही. आले तशीच मागे फिरले, रेघ पुसट झाली होती तरी तिच्या कडेनं चालत गेले, दार होतं तिथे चपला काढल्या आणि म्हटलं, “दाजी, येऊ का?”

ते वळले.

“या मेहुणीबाई,” म्हणाले. “दार लोटून घ्या. वारं लई हाय.”

मी आत गेले आणि मागे वळून दार लोटून घेतलं.